बाकीचे दोघं

...आणि लोकांना काय, गिटार ऐकू येते, गाणारी दिसते. तुम्हाला सांगतो, बँडचा पाया म्हणजे ड्रम आणि बेस, पण पायाला हार कोण घालतो? लंडनला शिकून दोह्यात घरी परतलो तो हेच सगळ्यांना पटवत, की बेस ऐकायचा नसतो, जाणवायचा असतो. पप्पा म्हणाले, "मग मी ऐकायला येऊ की नको?"

आले. गेल्या शुक्रवारी, आयरीनच्या लग्नाच्या पार्टीला, बिन महमूद भागातल्या एका गच्चीवर, पहिल्या रांगेत. आणि आमची गाणारी लिझी माइकवर सांगते, "गिटारवर फ्रान्सिस... आणि बाकीचे." बाकीचे? बेस गिटारवर मी आणि ड्रमवर नॉरबर्ट, बाकीचे? माझं डोकंच फिरलं. नॉरबर्टला म्हटलं, पुढच्या गाण्यात मधेच थांबायचं दोघांनी, कोसळू दे गाणं, कळू दे. तो म्हणतो, "अरे, पुढचं नवरा-नवरीच्या नाचाचं आहे." म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. यल्ला, चल.

थांबलो. आयरीन गिरकीच्या मधोमध, लिझीचा सूर लोंबकळतोय, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही पोरगी हा नाच आयुष्यात एकदाच नाचणार, आणि मी काय केलं हे... तेवढ्यात मागून एका मावशीनं टाळी धरली, मग दुसरीनं, कुणी काका चमच्यानं प्लेट वाजवायला लागले, वसईच्या मांडवात धरतात तसा अख्ख्या गच्चीनं ठेका धरला, आणि गाणं कोसळायचं सोडून वर चढलं, आणि आमचे चार हात रिकामे. बेस जाणवायचा असतो म्हणे.

नंतर आयरीन डोळे पुसत आली. "काय सुंदर कल्पना होती रे तुझी, थँक्यू." शिवी दिली असती तर घेतली असती हो, थँक्यू कुठे ठेवू? मी "वेलकम" म्हणालो. म्हणालो खरं... मान वर होईना.

पप्पांना घाबरत विचारलं, बेस जाणवला का?

"जाणवला की," म्हणाले, "थांबलास तेव्हा कानाला एकदम बरं वाटलं."

आता पुढच्या शुक्रवारी मुऐदरला लग्न आहे. निरोप आलाय, गाणी कुठलीही चालतील, पण ते दोघं मधेच थांबतात ते नक्की ठेवा. या वेळी लिझी माइकवर आमची नावंसुद्धा घेणार आहे. तेव्हा इन्शाल्ला, रोज संध्याकाळी मी आणि नॉरबर्ट बसतो, न वाजवायची प्रॅक्टिस करत.