सुएझ बंद असताना

(आयर्लंडमधलं मेनूथ, रॉयल कॅनॉल या कालव्याचा काठ, दुपार. पुरुषोत्तम, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त जहाज-इंजिनियर, आणि त्यांची मुलगी निहारिका. मुलगा इंद्रनील जहाजावर आहे.)

निहारिका: …पोटात उजवीकडे दुखतंय म्हणे, दोन दिवस. पण इंद्रनीलने शपथ घातलीय, बाबा. कॅप्टनला कळलं तर इथेच, लास पाल्मास बंदरात उतरवतील म्हणतो, चीफ इंजिनियरचं प्रमोशन जाईल.

पुरुषोत्तम: जहाज सुटतंय कधी तिथून?

निहारिका: आज संध्याकाळी. मग आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा. तांबड्या समुद्रात हल्ले होतात म्हणून कंपनी सुएझ टाळतेय. तसा ठीक आहे तो, गोळ्या घेतोय.

पुरुषोत्तम: मोरेश्वरही गोळ्याच घेत होता.

निहारिका: रत्नागिरीचे मोरेश्वरकाका, तुमच्या जहाजावरचे? कालवा बंद होता म्हणून गेले ते?

पुरुषोत्तम: तसं मी सांगत आलो. बहात्तर साल. सदुसष्टच्या इजिप्त-इस्रायल लढाईपासून सुएझ बंद. लिव्हरपूलहून मुंबईला यायचं तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून. वाळवंटातला एवढासा चर, पण तो मिटला आणि निम्मं जग लांब गेलं. एरवी वाटेत पोर्ट सैद, एडनसारखी बंदरं. इकडे पश्चिम आफ्रिकेतलं डाकार बंदर सोडलं की नुसतं पाणी. केप चार दिवसांवर असताना गेला. कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात सोडला आम्ही त्याला.

निहारिका: म्हणून रोज कालव्याचं पाणी अडवणाऱ्या त्या लॉकच्या गेटपाशी उभे राहता?

पुरुषोत्तम: इथलं पाणी हलत नाही. दिसतो तो. गुडघे पोटाशी घेतलेला.

निहारिका: पण त्यात तुमचा काय दोष?

पुरुषोत्तम: डाकारला तेल भरत होतो. धक्क्यावर डॉक्टर होता. मोरेश्वर म्हणाला, "पुरू, बोलू नकोस कुणाला, उतरवतील मला." मी नाही बोललो.

निहारिका: आणि काकूंना काय सांगितलंत?

पुरुषोत्तम: तिला सांगितलं, कालव्याने मारलं. तिला खरं वाटलं. मरेपर्यंत दर वर्षी तुम्हा मुलांसाठी फणसपोळी पाठवायची.

निहारिका: आम्ही भांडायचो त्यावरून.

पुरुषोत्तम: निहा, कंपनीच्या ऑफिसला फोन लाव.

निहारिका: तो परत बोलणार नाही माझ्याशी.

पुरुषोत्तम: नाही बोलणार. तरी लाव.

निहारिका: …हॅलो? मी इंद्रनीलची बहीण बोलतेय, आयर्लंडहून…

पुरुषोत्तम: उजवी बाजू सांग. दोन दिवस सांग.

निहारिका: …फोन करून तीन तास झाले, बाबा, चला ना घरी. गार पडलेत हात तुमचे.

पुरुषोत्तम: काही कळलं?

निहारिका: हो, आत्ताच. उतरवलं त्याला. अपेंडिक्सच आहे, ऑपरेशनला नेतायत. आणि त्याचा मेसेज आलाय.

पुरुषोत्तम: काय म्हणतो?

निहारिका: आयुष्यात तोंड बघणार नाही माझं, म्हणतो.

पुरुषोत्तम: असू दे. स्वतः लिहिलंय ना त्याने?