खंडेनवमीला दार धरून ठेवल्याबाबत

मी, बिरू खंडेराव गाडेकर, वय २२ वर्षे, धंदा मिळेल ते काम, सध्या फुलांच्या दुकानात, शिक्षण नववीपर्यंत, मूळ राहणार दौलताबाद, हल्ली मुक्काम गोकुळ फुलवाले यांच्या दुकानाचा माळा, उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. पोलीस ठाण्यात आपल्या पायानं हजर झालो असून विचारल्यावरून समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी दिवाळीपर्यंत आहे, पुढचं ठरलेलं नाही. घरी मेंढरं आहेत. ती वडील आणि थोरला भाऊ बिभीषण राखतात. मला एका जागी करमत नाही म्हणून मी सुरतला साड्यांच्या कारखान्यात, मग गोव्याला हॉटेलात आणि मध्ये एका ट्रकवर होतो. सुरतच्या गेटवर सुटीच्या वेळी बूटसुद्धा काढून झटकायला लावायचे. तिथला वॉचमन नेपाळचा होता आणि त्याला बासरी लई छान यायची. त्याची इथं गरज नाही असं ठाण्यातल्या साहेबांनी सांगितल्यावरून पुढचं सांगतो.

शेंद्रा एमआयडीसीत धारेश्वर ब्रेक्स नावाची गाड्यांचे ब्रेक बनवणारी कंपनी आहे. घटस्थापनेच्या दिवशी तिथल्या देवीला हार पोचवायला मी गेलो होतो. हार खाली देऊन परत फिरायचं होतं. पण लिफ्ट उघडी दिसली म्हणून वर गेलो. गेटपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत मला कोणी काही विचारलं नाही. एका ताईनं तर रिकामी पाटी बघून "झाली का फुलं देऊन?" म्हणत आपल्या कार्डानं दार उघडून दिलं. वर चहाचं मशीन होतं. मी चहा घेतला. दुसरा कप भरताना एक मॅडम आल्या.

"कोण रे तू?"

"फुलवाला."

"फुलं कुठायत?"

"खाली दिली."

"मग वर काय करतोस?"

"चहा पितोय."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. मी ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं मला परत चालवत नेलं आणि प्रत्येक दाराशी थांबून विचारलं, "इथं कोणी अडवलं?" मी प्रत्येक वेळी नाय म्हणालो. त्यांचं नाव तनुजा सांडू फरकाडे, माहेर सिल्लोड. कंपनीच्या कॉम्प्युटरमधली सगळी माहिती सांभाळायची जबाबदारी त्यांच्यावर आहे असं त्यांनी सांगितलं. मी म्हणालो, "म्हणजे राखणच की. आमच्याकडं राखणीला कुत्री असतात. तुमच्याकडं काय?"

त्या म्हणाल्या, "माझ्याकडं मिटिंगा आहेत."

त्यांचं म्हणणं असं होतं की तारेतून येणाऱ्या चोराची साहेब लोकांना भीती वाटते, त्याच्यासाठी दर वर्षी नवीन मशीन घेतात, पण पायानं चालत येणाऱ्याची कोणाला वाटत नाही. सांगून सांगून घसा बसला, आता दाखवायचं आहे. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी सजावटीला ये, जिथवर जाता येईल तिथवर जा, प्रत्येक ठिकाणी झेंडूचं एक फूल ठेव, काहीही उचलायचं नाही, असं त्यांनी मला सांगितलं. माझ्यासमोर त्यांनी मालक इंद्रजीत साहेबांना फोन लावला. फोनचा आवाज मोठा होता. साहेब हसले. म्हणाले, "फुलवाला? अहो, आपला कडूबा गेटवर मलाही थांबवतो. बघा करून. फक्त पूजेत विघ्न नको, आईला चालणार नाही." असा फोन झाल्याचं आठवत नाही असं साहेब आता सांगतात. मी तिथं होतो. मला आठवतं.

खंडेनवमीला सकाळी आठच्या सुमारास मी फुलांच्या पाट्या घेऊन गेटवर गेलो. कडूबा काका म्हणाले, "आला का फुलराजा! नाव लिहू का तुझं?"

"लिहा की."

"जाऊ दे. सणासुदीचं काय लिहायचं."

दिवसभरासाठी यंत्रं बंद होती. पाने, मापं, हातोडे धुऊन पुसून मांडले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बोळात मी तोरण बांधलं. ते वर ओढून बांधत होतो तर ऑफिसातले एकजण म्हणाले, खाली सोड, भरगच्च दिसू दे. तसं सोडलं. त्याच्यामागं कॅमेरा आहे हे मला दिसलं होतं. त्यांनाही दिसलं असेल.

ऑफिसातल्या लोकांकडं हत्यारं नसतात म्हणून ते देवीपुढं लॅपटॉप ठेवतात आणि गळ्यातली कार्डं काढून ठेवतात, अशी तिथली रीत आहे. या कार्डांनी दारं उघडतात. साहेबांच्या आई द्वारकाबाई पाटावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी तनुजाचं ठेवा. साऱ्या घराची किल्ली तिच्याकडं." मॅडमनी कार्ड काढलं पण मुठीतच धरलं. साहेब म्हणाले, "ठेवा मॅडम. देवीसमोर कोण चोरी करतंय?" सगळे हसले. मॅडमनी ठेवलं. द्वारकाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. उद्यापर्यंत हत्याराला कोणी हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलं आणि मॅडमचा हात धरून त्यांना खाली जेवायला नेलं. मागोमाग सगळे गेले. कार्डांजवळ कोणी थांबलं नाही.

मॅडमचं कार्ड मी उचललं. उचलायचं नाही असं ठरलं होतं. का उचललं असं विचारल्यावरून सांगतो, ते सगळ्यांत पुढं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला सर्व्हरची खोली आहे. कामगार तिला फ्रीज म्हणतात. कार्ड लावल्यावर हिरवा दिवा लागला. आत गार होतं आणि माणूस नसताना आवाज चालू होता. एकाही कपाटाला फूल नव्हतं, कुंकू नव्हतं. मी एक झेंडू ठेवला. आमच्यात लोकर कातरायच्या आधी कातरीला भंडारा लावतात, तसं थोडं बरं वाटलं. बाहेर निघालो तर समोरून एक माणूस आला. अंगात पांढरा सदरा, कपाळाला टिळा. दोन्ही हातांत ताट, ताटात नारळ, उदबत्ती. म्हणाला, "दादा, दार धरा जरा. आतली पूजा राहिली."

मी पायानं दार धरलं. हातात नारळ असलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी दार लावत नाही. त्यानं मला खडीसाखर दिली. ती मी खाल्ली. तो आत गेला. माझ्या पाठीमागं दार लागलं.

कार्ड मी देवीपुढं होतं तसं ठेवलं आणि खाली गेलो. मॅडम पंगतीत होत्या. मी शेजारी बसलो. त्यांनी हळूच विचारलं, "कुठवर?"

"फ्रीजपर्यंत."

त्यांचा घास हातात राहिला. "दार कशानं उघडलं?"

"कार्डानं."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

त्या ताटावरून उठल्या. वर जाऊन कार्ड गळ्यात घालून आल्या. द्वारकाबाई रागावल्या, उत्तरपूजा झाली नाही म्हणाल्या. मॅडमनी ऐकून घेतलं. नंतर मला बाजूला घेऊन कुठं कुठं फूल ठेवलं ते एक एक विचारलं. मी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिटिंगला ये, सगळ्यांना दाखवू म्हणाल्या, आणि वाढणाऱ्याला याला अजून शिरा वाढ असं सांगितलं. नारळवाल्या माणसाचं मी बोललो नाही. लपवलं नाही. तो मनातच आला नाही. वाटेतला जिना मी सांगितला नव्हता, खांब सांगितले नव्हते, तसा तोही नाही सांगितला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीत गेलो तेव्हा सकाळची पाळी आत येऊन उभी होती. यंत्रांवर सुकलेले हार तसेच होते. एकही यंत्र चालू नव्हतं. जितके पडदे दिसत होते त्या सगळ्यांवर एकच इंग्रजी मजकूर होता. मला तो वाचता आला नाही. कडूबा काकांनी सांगितलं की कंपनीची सगळी माहिती कोणीतरी कुलूपबंद केली आहे आणि उचलूनही नेली आहे. एकानं मला सोनं दिलं. मी आपट्याचं पान हातात धरून उभा राहिलो.

मिटिंगच्या खोलीत इंद्रजीत साहेब, ऑफिसचे मॅनेजर अभय साहेब आणि मॅडम होत्या. दाराच्या नोंदीप्रमाणे खंडेनवमीला दुपारी फ्रीजचं दार एकाच कार्डानं उघडलं होतं. कॅमेऱ्यात झेंडूशिवाय काही नव्हतं. साहेब म्हणाले, "मॅडम, कार्ड तुमचं आहे." मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

"बिरू, बाहेर पडल्यावर दार लगेच लागलं होतं ना?"

"नाय. त्या पूजावाल्यासाठी धरलं होतं."

"कोणता पूजावाला?"

मी सांगितलं. ताट, नारळ, खडीसाखर, सगळं सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, "आतली पूजा आपण करतच नाही. एवढं एक मी बंद केलं होतं."

मग त्या म्हणाल्या, "त्याच दिवशी का नाही सांगितलं रे? तेव्हाच कळलं असतं तर सगळ्या जोडण्या तोडून टाकता आल्या असत्या. दोन दिवस होते आपल्या हातात."

मी म्हणालो, "कुठं कुठं गेलास ते तुम्ही विचारलं. कोण भेटलं ते नाय विचारलं."

"व्हय," त्या म्हणाल्या. "नाही विचारलं."

त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यानंतर त्यांचा आवाज मी ऐकलेला नाही. आत्ता त्या ठाण्यातच बाजूच्या खोलीत बसल्या आहेत हे मला माहीत आहे.

सदर नारळवाल्या माणसाचं वर्णन विचारल्यावरून सांगतो की तो काळा नाही, गोरा नाही, उंच नाही, बुटका नाही. बोलणं इकडचंच. समोर आला तर ओळखीन असं खात्रीनं सांगू शकत नाही. मला तो तिथलाच वाटला. त्यालाही मी तिथलाच वाटलो असेन. दोन दिवस मी डोळे मिटून त्याचं तोंड आठवतोय, दर वेळी नारळच दिसतो.

आज ठाण्याच्या आवारात अभय साहेब मला म्हणाले, "तू गरीब माणूस आहेस. कार्ड मॅडमनी हातात दिलं एवढं एकच वाक्य सांग. तू संध्याकाळी सुटशील, वकील आमचा." मी विचारलं, "मग मॅडमचं?" ते म्हणाले, "त्या शिकलेल्या आहेत, त्यांचं त्या बघतील." त्यांनी सांगितलेलं वाक्य इथं लिहिलं गेलं ते त्यांनी काय सांगितलं हे कळावं म्हणून. ते माझं वाक्य नाही.

माझं म्हणणं असं की मॅडमनी मला कार्ड दिलं नाही. त्यांनी मला काही उचलू नको म्हणून सांगितलं होतं. कार्ड मी उचललं. दार मी धरलं. त्या वेळी मॅडम खाली पंगतीत होत्या, द्वारकाबाई त्यांच्या शेजारी होत्या, त्यांना विचारावं. यात माझं जे काय व्हायचं ते होईल.

वर लिहिलेलं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. दारं-खिडक्या उघड्या होत्या, बाहेरच्यांनाही ऐकू गेलं असेल. शेवटचा परिच्छेद बदलायचा आहे का असं दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा नाय म्हणालो. ठाण्यात मला कोणी धाक दाखवला नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे म्हणून खाली सही करतो.

सही/-
बिरू खंडेराव गाडेकर