साहेबाच्या बादशाला पोहता येतं का

...व्हय, पव्हतो म्हनलं ना. साहेबाचा बादशा ह्या डोहातून पव्हत पल्याड गेला, म्या माझ्या डोळ्यानं पाह्यला, आन हीच गवाही पायजे ना तुमाला? मंग झालं की, रावसाहेब. बसा जरा सावलीत — तिथं नका, तो भोपळा वल्ला हाय, आताच बिया काढल्या त्याच्या, पांढऱ्या धोतराला डाग पडंल आन घरी बाई इचारंल कुठं बसला व्हता म्हून. इकडं बाजंवर बसा. कळमनुरीहून घोड्यावर आलात, त्ये काय पैनगंगंचं पानी पाह्याला न्हाई, ठावं हाय मला. जकात नाक्याचा साहेब रजेवर हैद्राबादला गेला, जाताना कुत्रा नाक्यावरच्या शंकरसिंग सिपायाच्या हवाली केला, आन आता साहेब परत येऊन राहिला तं कुत्रा गायब. आपल्या पायानं पव्हत गेला आसंल तं कुत्र्याची खोड, कोन काय करनार. पन बुडाला आसंल तं शंकरसिंगाची चूक, आन मंग त्यानं कमरंचा पट्टा सोडून ठिवायचा आन घर धरायचं. म्हून तुमाला साहेबानं धाडलं, का ती जात पव्हती का न्हाई, घाटावर इचारून या. बराबर? आन घाटावर म्हंजी माझ्याकडं. ह्या पान्यात उतरलेलं जनावर न् मानूस, समदं माझ्या सुक्या भोपळ्यावर तरंगत पल्याड जातं.

तं आइका. कुत्र्याकुत्र्यात फरक आसतो. गावरान कुत्रं घ्या — त्येला कोनी शिकवत न्हाई, पान्यात टाकलं का शिव्या देत देत काठाला लागतं. लमानाचं शिकारी कुत्रं, लांब तोंडाचं, पोट पाठीला गेलेलं — त्ये बी पव्हतं, पन सासरी निघालेल्या पोरीवानी, सारखी मान मागं. धनगराचं केसाळ कुत्रं झ्याक पव्हतं, पन भायेर आलं का निम्मी नदी अंगावर झटकतं. आन बादशा — तुमी पाह्यला न्हाई त्येला? कधीच न्हाई? आरं देवा, मंग काय सांगावं. तोंड आसं आत दाबलेलं, नाक कुठं हाय त्ये हुडकावं लागतं. डोस्कं म्हंजी पाटा. पाय चौरंगाचे. चार पावलं चालला का भात्यावानी फुसफुस. इलायतची जात हाय म्हंत्यात, तिकडं बैलासंगं झुंजवत व्हते म्हनं. आता बैल काय पान्यात झुंजतो व्हय — म्हून पव्हायचं राहून गेलं आसंल — न्हाई, राहून न्हाई गेलं, पव्हतो म्हंते ना मी. हसू नका.

कसा पव्हतो? आता हे काय इचारनं झालं. तुमी हिंगोलीत लहानाचे मोठे झालात, तुमच्या आईनं तुमाला बारवंत कसं सोडलं? पाठीला सुका भोपळा बांधूनच ना? आमच्याकडं तर लेकरू चालाया लागलं का पाठीला भोपळा आन द्यायचं ढकलून. त्या लेकराला कोनी म्हनतं का, का भोपळा पव्हला? न्हाई. लेकरू पव्हलं म्हंत्यात, आजी गूळ वाटती. मंग कुत्र्याला येगळा न्याय काहून?

बांधला, व्हय. दोन. बरं, चार — त्येचं डोस्कं जड, पुढून दोन लागायचे. सांगते ना, घाई काहून करता. पह्यल्या दिवशी मी इथंच भोपळे धूत बसले व्हते, त्यातला एक सुटून धारंला लागला, आन ह्या येड्यानं टाकली ना उडी त्येच्या मागं. उडी टाकली त्ये सरळ तळालाच. वर शेपूट दिसावं तं देवानं त्ये बी बोटभरच दिलेलं. बादशा बुडाला म्हनायची सोय न्हाई ह्या राज्यात, न्हाई तं म्या गाव गोळा केलं आसतं. शंकरसिंग काठावर उभा राहून मारुतीला हात जोडून राहिला, त्येला पव्हता येत न्हाई — कुत्र्याला न्हाई म्हनत, शंकरसिंगाला. मंग मीच लुगडं खोचून उतरले आन मागच्या पायाला धरून वढला भायेर. शंकरसिंग इथं कसा? आसाच. बसला व्हता, चहा घेऊन — म्हंजी उभा व्हता. ड्यूटीवर. आता इथून नाका दिसत न्हाई त्ये खरं, चिंच आडवी येती, पन मानूस ड्यूटीवर आसला का कुठं बी ड्यूटीवरच आसतो.

तवापासून बांधायला लागले भोपळे. आन रावसाहेब, काय सांगू, त्या कुत्र्याला असा नाद लागला — सकाळी यायचा आन भोपळ्याच्या ढिगापाशी अंग टाकून कन्हत बसायचा. बांधले का झालाच तरंगत राजावानी, तोंड वर, पाय आपले हालतेत न् न हालतेत. पल्याडून माझ्या चंदानं हाक मारली का तिकडं, म्या मारली का इकडं. चंदा म्हंजी माझी लेक, तिकडं इंग्रजाच्या राज्यात दिली. ती त्येला दूध पाजायची. आता लेकीकडून परतताना मोकळं कोन येतं का? भाकरतुकडा तरी बांधून देतीच लेक. आन भोपळा तं मुळात पोकळच —

काय न्हाई. वारा आसतो भोपळ्यात. वाजायचं त्ये बिया वाजायच्या. बिया काढते, व्हय, आताच म्हनले तुमाला, तुमचं बी कान लई बारीक. बरं बाबा, इलायची. पसाभर. नाक्यावर तिच्यावर महसूल पडतो, त्ये मला बी ठावं हाय, पन त्यो मानसानं आनली तं पडतो. कुत्र्यानं आनली तं पडतो आसं कुन्या सरकारनं सांगितलं? आन शंकरसिंगाला ह्यातलं काय बी म्हाईत न्हाई, पोराची शप्पत — मला पोरगं न्हाई, पन शप्पत. त्यो झडती घ्यायचा ना, मानसाची, गाडीची, म्हातारीच्या बटव्याची सुदीक. साहेबाच्या कुत्र्याची झडती घेनारा सिपाई तुमी कधी पाह्यला? उलट बादशा नाक्यावरून गेला का त्यो उभा राहून सलाम करायचा. आन मंग इकडं येऊन हसायचा. आसा हसायचा का चहा सांडायचा.

बुडाला न्हाई वो. भोपळ्यासकट कुठं कोन बुडतं? चंदानं भोपळे सोडले भरायला, तेवढ्यात तिकडच्या गल्लीतली एक काळी कुत्री त्येच्या नजरंत भरली. झालं. चंदानं वढला, जावयानं वढला, बसला तिच्या दारात घट्ट, उठंना. आता बिन भोपळ्याचा त्यो येत न्हाई आन भोपळा बांधू देत न्हाई. तिकडं राज दुसरं, तुमच्या साहेबाचा हुकूम पान्याच्या मधोमध संपतो. मला वाईट वाटलं, खरं सांगते. रोज दुपारी ह्याच बाजंखाली घोरत पडायचा, आन बाजंवर शंकरसिंग — त्ये जाऊ द्या. आता दोघांचं घोरनं आइकल्याबिगर मला दुपार खायला उठती. शंकरसिंग तं चार दिवस झाले इकडं फिरकला न्हाई, नाक्यावर बसून राहतो भिताडाकडं तोंड करून. त्यो मानूस गेला नोकरीवरून तं त्येच्या मुलखाला जाईल. लांब हाय त्येचा मुलूख. परत कशाला येतोय.

उठलात काहून? साहेबाला समदं सांगावं लागंल म्हंता? चोरीचा माल, सिपाई सामील, बाई सामील? सांगा की. मी काय तुमचं तोंड धरत न्हाई. निस्तं एक बगा, का मी एकटी बाई, सकाळी भाकर न् संध्याकाळी भाकर, म्या पसा पसा इलायची काय चुलीत घालत व्हते? कुठं जायाची ती? साहेबाच्या कोठीतला खानसामा यायचा न्यायला, बाईसाहेबानं धाडलेला. ईदंच्या खिरीत तीच, साहेबाच्या चहात तीच. साहेब म्हनं कप नाकापाशी धरून म्हनायचा, नाक्यावरची इलायची अशी वासाची काहून न्हाई. तं जावा आन उभे राहा त्येच्याम्होरं, आन सांगा, हुजूर, तुमचा कुत्रा तुमच्याच नाक्यावरून तुमच्याच चहासाठी चोरून माल आनत व्हता, आन तुमचा सिपाई त्येला सलाम करत व्हता. तुमच्याच्यानं हुतं का सांगनं? पोटाला लेकरं हायेत का तुमाला? — दोन. बरं.

मंग आता मी इचारते, तुमी सांगा. ती इलायतची दाबक्या तोंडाची जात, तिला पव्हता येतं का?

जरा मोठ्यानं, रावसाहेब. नाक्यावर शंकरसिंगाला आइकू गेलं पायजे.

हां. पव्हती. आता घोडं सोडा आन जा.