टेपवरची दुसरी बाई

(राज्य वीज आयोगाच्या कचेरीतली, टेप ऐकून साक्षी टाइप करायची खोली. भर दुपार.)

टंकलेखक: ...म्हणून विचारतोय, काल साक्ष देताना तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?

साक्षीदार: माझ्या शेजारी? कुणीच नाही. साक्षीदाराला खुर्ची एकच असते.

टंकलेखक: ते मला नका सांगू. या सुनावण्या टाइप करता करता केस पिकले माझे. पण टेपवर बायका दोन आहेत.

साक्षीदार: साहेब, मला फक्त सहीला बोलावलंय ना? आमच्या नागरिक मंचाची माणसं बाहेर ताटकळलीत.

टंकलेखक: मी साहेब नाही. साहेब जेवायला गेलेत. आधी टेप ऐकायची, मग सही, असा नियम आहे. ऐका.

टेप: आमच्या इमारतीचं छप्पर दिवसभर तापतं आणि त्याच्याखाली राहून आम्ही कोळशाची महाग वीज विकत घेतो. छपरावरच्या सौर विजेत भाडेकरूंनाही वाटा मिळावा, आणि ती परवडावी, असा कायदा राज्याने करावा...

टंकलेखक: हा तुमचाच आवाज ना?

साक्षीदार: माझाच.

टंकलेखक: आता पुढचं ऐका.

टेप: त्या दुपारी कंपनीने आमची वीज तोडली. घरात सासूबाई एकट्या होत्या. मी संध्याकाळी कामावरून आले तेव्हा...

आवाज: संध्याकाळ कुठली? अंधार पडला होता. हातात भाजीची पिशवी होती तुझ्या.

टेप: ...तेव्हा त्या गेल्या होत्या. उकाड्याने.

टंकलेखक: ही बघा. ही कोण?

साक्षीदार: पुन्हा लावा.

टंकलेखक: लोकांमधून कुणी मध्येच बोललं म्हणावं, तर आवाज अगदी माइकला तोंड लावल्यासारखा.

साक्षीदार: पुन्हा लावा ना.

टेप: त्या दुपारी कंपनीने आमची वीज तोडली.

आवाज: नाही गं. वीज होती.

टंकलेखक: हे मघाशी नव्हतं. सकाळपासून ही टेप मी ऐकतोय, हे वाक्य त्यात नव्हतं.

साक्षीदार: बंद करा ती.

टंकलेखक: केली.

साक्षीदार: या माझ्या सासूबाई आहेत.

टंकलेखक: म्हणजे ज्या...

साक्षीदार: हो. त्याच.

टंकलेखक: हे बघा बाई, माझी नोकरी ऐकू येईल ते लिहायची. कुणी खोकलं तर कंसात खोकला लिहितो. गेलेलं माणूस बोललं तर काय लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. त्यापेक्षा मी तेवढं पुसून टाकतो. या कानाचं त्या कानाला कळणार नाही.

साक्षीदार: पुसलं तर माझी साक्ष राहील?

टंकलेखक: जशीच्या तशी. उद्या आयोगाचे सदस्य वाचतील. कंपनीचा वकीलही वाचेल, पण त्याला बोट ठेवायला जागा मिळणार नाही.

साक्षीदार: आणि नाही पुसलं तर?

टंकलेखक: तर तो म्हणेल, वीज चालू होती, मग आमचा दोष काय? तुमचा अख्खा मंच तोंडघशी पडेल. राज्यभर हिंडून सह्या गोळा केल्यात म्हणे तुम्ही लोकांनी.

साक्षीदार: पायाचे तुकडे पडले हिंडून. प्रत्येक सभेत मंच चालवणारे आमचे सर माझीच गोष्ट सांगायचे. कंपनीने वीज तोडली आणि म्हातारी तडफडून गेली. बायका डोळे पुसत सही करायच्या.

टंकलेखक: झालं तर मग. पुसतो.

आवाज: पुसू नकोस रे बाबा. बोलू दे मला.

टंकलेखक: बाई, टेप बंद आहे.

साक्षीदार: माहीत आहे.

टंकलेखक: अहो, बंद आहे. वायर काढून हातात धरलीय मी.

साक्षीदार: घाबरू नका. त्यांनी जन्मात कधी मुंगीला दुखवलं नाही. आई, बोला तुम्ही.

आवाज: बटण मीच बंद केलं होतं. तू गेलीस आणि मी पंखा बंद केला.

साक्षीदार: त्या दिवशी शेजारच्यांची वीज तोडली होती, आई. मला वाटलं, आपलीही तोडली. मग तुम्हाला उचलायला आलेल्या कुणीतरी दिवा लावला, तर तो लागला. मी मनाला सांगितलं, पुन्हा जोडली असेल. तेच सांगत राहिले.

आवाज: सकाळी विजेचं बिल वाचून तू जेवली नाहीस. नुसतं ताट बाजूला सारलंस. म्हटलं, दुपार आपण अशीच काढू. राबून येणाऱ्या पोरीला रात्री तरी वारा हवा.

साक्षीदार: एवढ्या आगीत?

आवाज: ओलं फडकं घेतलं होतं की डोक्यावर. आधी बरं वाटलं. मग लावावा म्हटलं पंखा, तर उठवेना.

टंकलेखक: मी टाइप करतोय हे. का करतोय, विचारू नका.

साक्षीदार: करा.

टंकलेखक: आवाजाच्या पुढे काय घालू? ओळख नसेल तर 'अज्ञात' लिहायची पद्धत आहे.

साक्षीदार: अज्ञात कशाला? माझ्या घरचं माणूस आहे. सासू लिहा.

टंकलेखक: आणि तुमच्या साक्षीचं काय? एक म्हणते तोडली, दुसरी म्हणते होती.

साक्षीदार: माझं खोडा. नवीन सांगते.

टंकलेखक: विचार करा, बाई. बाहेर तुमची माणसं उभी आहेत.

साक्षीदार: त्यांना मीच सांगेन. सर चिडतील, बोलणार नाहीत माझ्याशी. लिहा तुम्ही. आमची वीज कुणी तोडली नव्हती. तार धड होती, पंखा धड होता, बटण चार पावलांवर होतं. तरी माझी सासू उकाड्याने गेली, कारण तिला उन्हापेक्षा बिलाची भीती जास्त वाटली. आणि ज्या उन्हाने ती गेली, त्याच उन्हावर तो पंखा फिरला असता.

टंकलेखक: ...फिरला असता. पुढे?

साक्षीदार: कंपनीने तोडली असती तर बरं झालं असतं. मला शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं.

टंकलेखक: हेही लिहू?

साक्षीदार: नको. नाही, लिहा.

टंकलेखक: वकील म्हणेल, यात कायदा कुणी मोडला?

साक्षीदार: कुणीच नाही मोडला. म्हणून तर कायदा बदला म्हणतोय आम्ही.

टंकलेखक: इथे सही करा. अहो, कागद भिजला. घामाने नुसत्या निथळताय तुम्ही. टेप ऐकताना घरघर नको म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. थांबा, लावतो.

आवाज: राहू दे रे. उगीच बिल वाढेल.

टंकलेखक: बाई, मी... लावू की नको?

साक्षीदार: लावा. आई, तुम्ही इकडे या. इथे वारा लागेल.