तिसऱ्या डोंगरावरचं आकाश

डोळ्यांच्या दवाखान्यात बहीण-भाऊ शेजारी-शेजारी बसले होते. ऑपरेशननंतरची तिच्या दोन्ही डोळ्यांवरची पट्टी आज सुटणार होती. भाऊ मोबाईलवर खेळत होता.

“दादा, हा आवाज... लहानपणीचाच गेम?”

“तोच गं. ना कॅसेट, ना टीव्हीला जोडायचा डबा, सगळं इंटरनेटवरून येतंय. तिसऱ्या डोंगरावर आलोय. इथंच तू पडायचीस.”

“आकाश बघत राहायचे म्हणून! आपला टीव्ही काळा-पांढरा. मी म्हणायचे, ते गुलाबी असणार.”

“मी म्हणायचो, निळं.”

“मग कसं आहे? सांग ना.”

“तूच येऊन बघ.”

“आणि दिसलंच नाही तर?”

“मी इथंच थांबतो.”

“बटण न दाबता नुसता थांबलास तर गेम आपोआप बंद पडेल रे.”

नर्स तिला न्यायला आली.

“जा तू. मी जागच्या जागी उड्या मारत राहतो.”