कड

—हात वाईट? माझ्या सुनेचा? पुन्हा म्हणा साहेब, पलीकडे मशीन चालू आहे, नीट ऐकू आलं नाही. हात वाईट म्हणे! पवनचक्कीच्या पात्याची एक पट्टी तुम्ही मशीनवर ओढलीत, ती कडेनं उसवली, आणि पोरीला लगेच घरी बसवायचं — वा! आणि टेबलाची मुख्य म्हणून तिला काढायच्या कागदावर सही मीच करायची. करते. पेन काही पळून जात नाही.

आधी हे नाणं घ्या. वाजवा पट्टीवर. मधोमध — टण. तुमचा कॉम्प्युटरही तेच सांगतो ना, टण. आता कडेला या. आणखी. अहो, चावत नाही ती! — भद. ऐकलंत? आतून सुटलीय. मधे कापडाचे थर एकमेकांना धरून असतात, कडेला कोण धरणार? तिथे डाव्या तिरक्या धाग्यांचं कापड इकडे ओढतं, उजव्या तिरक्याचं तिकडे, आणि मधल्या रेझिनचा, त्या चिकटवणाऱ्या डिंकाचा, जीव जातो. तुमच्या हिशोबात कड कुठेय? नाहीच. पट्टी आपली चाललीय, चाललीय, संपतच नाही! मी चौथी शिकलेय, पण पट्टी कुठेतरी संपते एवढं मला कळतं.

आणि ड्रॉइंगमध्ये काय काढलंय? चार डावे थर एकावर एक, मग चार उजवे. गठ्ठाच्या गठ्ठा ओढणार, मग फाटेल नाही तर काय? पोरीनं अगदी तस्संच लावलं, ओळीवर बोट ठेवून. दहावी झालीय ना, वाचता येतं — तेच नडलं. मी म्हणत होते, एक डावा, एक उजवा लाव गं. ऐकेल तर सून कसली! 'आई, कागदात नाहीये.'

काय? आठ वर्षांत एकही उसवली नाही? कशी उसवेल! थर तेवढेच, वजन तेवढंच, आत कुठला कुठे बसलाय कुणाच्या बापाला कळतंय? आठ वर्षं मी एक डावा, एक उजवा लावतेय — तुमचा भिंतीवरचा तो बक्षिसाचा फोटो कुणाच्या जिवावर...

असं काय बघताय? नाही, सगळ्याच नाही हो, काही काही... सगळ्याच. त्या वर फिरताहेत ना पवनचक्क्या, त्या सगळ्या.

लिहिताय? लिहा. आधी तिचं नाव खोडा. नीट खोडा, दिसतंय अजून. हां. आता माझं लिहा. — आणि नाणं कुठे खिशात घालताय? ठेवा इथे टेबलावर. उद्यापासून तिला लागेल.