दादासाहेबांची घंटी

कोणाच्या दारावर घंटी दिसली की मले आमचे दादासाहेब वकील आठवतात. साठ सालच्या सुमारास मी अकोल्यात त्यांचा ज्युनिअर होतो. त्यांचं ऑफिस माडीवर आणि स्वयंपाकघर खाली, त्यामुळे चहा पाहिजे असला की जिन्यातून ओरडावं लागे. पक्षकारांसमोर ते शोभत नाही, म्हणून त्यांनी घरातली जुनी वायर उखडून सगळी नवी फिटिंग करून घेतली. त्यांच्या टेबलाले बटण आणि खाली त्यांच्या बायकोजवळ, म्हणजे आमच्या काकूंजवळ, घंटी.

पहिल्याच दिवशी बाळापूरकडचे एक पाटील जमिनीची केस घेऊन आले. दादासाहेब म्हणाले, "पाहा पाटील, आता बोलाचं कामच नाही. इथं बोट ठेवलं का खालून चहा निघते."

त्यांनी बटण दाबलं. खाली घंटी वाजली. थोड्या वेळानं आमच्या डोक्यावरही एक घंटी ठणाणली. दादासाहेब दचकून जिन्यात गेले आणि ओरडले, "अवो, हे वरतं घंटी कायची?"

खालून काकू म्हणाल्या, "म्या वायरमनले इचारलं, वायर वर जातेच हाय, तर खालून बी एक बटन लागते का. तो म्हणे, लागते. तुमची वाजली म्हंजे चहा पायजे. माही वाजली म्हंजे चहा झाला, घेऊन जा."

दादासाहेब गुपचूप खाली गेले आणि ट्रे घेऊन वर आले. पाटलांनी बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "आमच्या गावात अजून लाईट नाही आली, वकीलसाहेब. बरंच हाय."